खोक्याच्या मापाचं जहाज

जहाजं बघणाऱ्यांच्या जगातही एक उतरंड असते. सगळ्यात वर शिडाची जहाजं. त्यांच्याखाली युद्धनौका, मग जुनी प्रवासी जहाजं, मग स्वतःच्या डेकवर क्रेन आणि डोलकाठ्या बाळगणारी साठ-सत्तरच्या दशकातली मालवाहू जहाजं, जी आता बहुतेक फोटोंतच उरली आहेत. टगबोटींचे आणि गाळ उपसणाऱ्या ड्रेजरचेसुद्धा कट्टर चाहते आहेत. कंटेनर जहाज या उतरंडीत पार तळाला. छंदात मुरलेल्या मंडळींसमोर त्याचं नाव काढलं की नाक मुरडलं जातं. “त्यात बघायचं काय? खोकी रचलेला तराफा!”

मला कंटेनर जहाजंच बघायला आवडतात. या जहाजावर शोभेसाठी केलेलं काहीच नसतं, हे त्याचं मोठं कारण. नाळेचा (म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा) फुगवटा, ब्रिजची (जिथून जहाज चालवतात त्या खोलीची) जागा, धुराड्याची जाडी, डेकची रुंदी, यातलं काहीही कुणाला आवडलं म्हणून तसं झालेलं नाही. प्रत्येक गोष्टीमागे कसली तरी जबरदस्ती आहे: कालव्याच्या भिंतीची, तेलाच्या भावाची, एखाद्या नियमाची, एखाद्या अपघाताची. ती ओळखता यायला लागली की चारशे मीटर लांबीची ती एकसुरी भिंत चक्क वाचता येते. जहाज पाहायला जाणं म्हणजे माझ्यासाठी ते वाचन.

आधी ते दिसतं कसं, ते सांगते. किनाऱ्यावर उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून दोन मीटर उंचीवर धरले, तर त्याचं क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर असतं. तीस मीटर उंचीच्या टेकाडावर चढलं की तेच जवळपास वीस किलोमीटरवर जातं. समोरचं जहाज पाण्याच्या वर साठ मीटर उंच असेल, तर त्याच्या माथ्यामुळे आणखी सत्तावीस किलोमीटरची भर पडते. म्हणजे हवा खरोखर स्वच्छ असेल तर टेकाडावरून चाळीस किलोमीटरच्या पलीकडचा शेंडा दिसायला हरकत नाही. हवा तशी क्वचितच असते, ती गोष्ट वेगळी. मुद्दा असा, की जहाज वरून खाली उगवतं. आधी ब्रिज आणि धुराडं, मग खोक्यांचे वरचे थर, आणि सांगाडा, म्हणजे जहाजाचं मूळ धड, सगळ्यात शेवटी. मोठ्या जहाजाच्या बाबतीत ब्रिज एकीकडे आणि धुराडं त्याच्यापासून बरंच लांब दिसतं, मध्ये नुसतं पाणी. नवखा माणूस हमखास म्हणतो, दोन जहाजं येताहेत.

ब्रिज आणि धुराडं वेगळं दिसलं की तेवढ्यावरच बरंच कळतं: जहाज गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं आहे आणि बहुधा दहा-बारा हजार टीईयूंच्या वरचं आहे. टीईयू म्हणजे वीस फुटी एक कंटेनर. चाळीस फुटी असेल तर दोन धरायचे. पूर्वी ब्रिज आणि खलाशांच्या खोल्या मागे, इंजिनाच्या बरोबर डोक्यावर असत. जहाजं लांबत गेली तशी पंचाईत झाली. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ब्रिजवरून नाळेपुढचं पाणी फार दूरपर्यंत झाकलं जाता कामा नये. जहाजाच्या लांबीच्या दुप्पट किंवा पाचशे मीटर, यातलं जे कमी असेल तेवढ्या अंतरापलीकडचा समुद्र दिसलाच पाहिजे. ब्रिज मागे ठेवला तर पुढची सगळी खोकी त्या नजरेच्या रेषेखाली ठेवावी लागतात. मग कुणीतरी ब्रिज उचलून पुढे नेला. त्याच्यामागे खोकी हवी तेवढी उंच रचा, नियम काही म्हणत नाही. इंजिन मात्र मागेच राहिलं, कारण ते पुढे आणलं तर जहाज ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यापर्यंतचा लांबलचक दांडा मालाच्या जागेतून न्यावा लागतो. आणि ब्रिजखालच्या पोकळीत इंधनाच्या टाक्या गेल्या, कारण टक्कर झाली तरी तेल सांडू नये म्हणून त्या बाहेरच्या पत्र्यापासून आत ठेवाव्या लागतात, असा दुसरा नियम आहे. खलाशी आता तेलाच्या टाकीवर राहतात आणि इंजिनावर काम करायला शंभर-दीडशे मीटर चालत जातात.

सुरुवात मात्र एका ट्रकवाल्याने केली. माल्कम मॅक्लीन हा मूळचा जहाजवाला नव्हताच. २६ एप्रिल १९५६ रोजी न्यू जर्सीतल्या नेवार्कहून ‘आयडियल एक्स’ नावाचं त्याचं जहाज ह्यूस्टनला निघालं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं तेलवाहू जहाज, त्याच्या डेकवर लोखंडी चौकटी बसवून ५८ कंटेनर ठेवलेले. सुटा माल जहाजात चढवायचा खर्च तेव्हा टनामागे सहा डॉलरच्या जवळपास होता. या फेरीत तो सोळा सेंटच्या आसपास आला. पुढचं सगळं त्या फरकातून घडलं.

पण चौकटी ठोकलेलं तेलवाहू जहाज म्हणजे अजून कंटेनर जहाज नव्हे. ते आलं १९५७ मध्ये, ‘गेटवे सिटी’च्या रूपात. तिच्या पोटात उभे लोखंडी मार्गदर्शक खांब होते. कंटेनर वरून सोडायचा, तो खांबांच्या खाचांतून सरळ तळाला जाऊन बसायचा. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. बांधायला दोर नको, ठोकायला फळ्या नकोत. २२६ कंटेनर मावायचे. आजच्या चोवीस हजारी जहाजाच्या पोटातही तीच व्यवस्था आहे. मॅक्लीनकडच्या कीथ टँटलिंगर या अभियंत्याने कंटेनरच्या आठही कोपऱ्यांत बसणारे ओतीव पोलादी ठोकळे आणि त्यांच्या भोकांत फिरवून अडकणारं ट्विस्टलॉक घडवलं. मॅक्लीनच्या कंपनीने त्या पेटंटवरचा हक्क पुढे सोडून दिला आणि त्याच धर्तीवर आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. कंटेनरच्या भिंती म्हणजे नालीदार पत्रा. वरच्या सगळ्या थरांचा भार पेलतात ते चार कोपऱ्यांतले खांब. डेकवरचा प्रत्येक ढीग शेवटी चार ठोकळ्यांवर उभा असतो, हे एकदा डोक्यात बसलं की वादळातल्या जहाजाकडे पूर्वीच्या निवांतपणे बघता येत नाही.

माप ठरलं आणि जहाजाची रुंदी त्या मापाच्या पटीत वाढू लागली. कंटेनर २.४४ मीटर रुंद. पनामा कालव्याची १९१४ सालची पाणकुलुपं (जहाज वर-खाली करणारे दारबंद हौद) ३३.५ मीटर रुंद, म्हणून त्यातून जाणारं जहाज ३२.३ मीटरपेक्षा रुंद नको. डेकवर आडव्या ओळीत तेरा कंटेनर बसतात, चौदावा बसत नाही. दोन-तीन दशकं जगभरच्या कंटेनर जहाजांची रुंदी या तेराने बांधून टाकली होती. माल वाढला तर जहाज लांब करायचं, उंच करायचं, रुंद मात्र नाही. त्यामुळे त्या पिढीची जहाजं सडपातळ दिसतात आणि खरं सांगायचं तर देखणी दिसतात. पण त्या देखणेपणाची किंमत होती: अरुंद जहाजावर उंच ढीग रचला की ते डळमळतं, म्हणून तळाच्या टाक्यांत मणामणाने समुद्राचं पाणी भरून तोल सांभाळावा लागे. पैसे न देणारं ते वजन जगभर फिरत होतं.

१९८८ मध्ये अमेरिकन प्रेसिडेंट लाइन्स या कंपनीने ‘प्रेसिडेंट ट्रूमन’ आणि तिच्या बहिणी, म्हणजे त्याच आराखड्याची जहाजं, ३९.४ मीटर रुंद बांधली. पनामातून ही जहाजं जाणारच नाहीत हे पत्करून. फक्त पॅसिफिकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायची, पुढे अमेरिकेतून रेल्वेने. एका कंपनीने कालव्याकडे पाठ फिरवली आणि बाकीच्यांच्या लक्षात आलं की असंही करता येतं. २०१६ च्या जूनमध्ये पनामाची नवी, मोठी पाणकुलुपं उघडली तेव्हा तेराची मर्यादा मागे पडली आणि ओळ एकोणीस-वीसपर्यंत गेली. त्याच्या आगेमागे तेरा ओळींची कित्येक जहाजं भंगारात निघाली. काहींचं वय दहासुद्धा नव्हतं. त्यांच्यात काहीही बिघडलेलं नव्हतं. ज्या दारासाठी ती बांधली होती ते दार रुंद झालं, एवढंच.

जहाज ओळखायचं तर ते मागून बघावं, हा माझा लाडका सल्ला आहे, आणि तो कुणी ऐकत नाही. सगळ्यांना नाळेचा फोटो हवा असतो. पण मागून आडव्या ओळीतले कंटेनर मोजता येतात. तेरा म्हणजे जुनं पनामा. बावीस म्हणजे २००६ ची ‘एमा मर्स्क’ किंवा तिच्या बहिणी. तेवीस म्हणजे बहुधा २०१३ नंतरची पिढी. चोवीस असतील तर २०१९ च्या ‘एमएससी गुलसुन’च्या वेळेपासूनची, एकसष्ट मीटर रुंदीची राक्षसी जात. शिवाय मागे जहाजाचं नाव असतं, नोंदणीचं बंदर असतं. मनरोव्हिया, माजुरो, पनामा, व्हॅलेटा. त्यातल्या कित्येक जहाजांनी स्वतःच्या त्या ‘गावी’ कधी नांगर टाकलेला नसतो.

इथे मॅक्लीनकडे परत जायला हवं, कारण त्याच्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त रस वाटतो तो ‘आयडियल एक्स’मुळे नाही. जहाजाची रचना म्हणजे पुढच्या पंचवीस वर्षांच्या तेलाच्या भावावर लावलेला पैसा असतो, हे त्याच्याइतकं कुणी भोगलेलं नाही.

१९७२-७३ मध्ये सी-लँड या त्याने उभ्या केलेल्या कंपनीने एसएल-७ जातीची आठ जहाजं पाण्यात उतरवली. वेग ३३ नॉट, म्हणजे ताशी एकसष्ट किलोमीटर. हा वेग युद्धनौकांचा. दोन वाफेच्या टर्बाइन, मिळून एक लाख वीस हजार अश्वशक्ती, आणि रोजची शेकडो टन तेलाची भूक. नाळ तलवारीसारखी, कंबर बारीक. उतरंडीतल्या वरच्या लोकांनाही ही कंटेनर जहाजं आवडतात यात नवल नाही. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये तेलाचं संकट आलं आणि काही महिन्यांत तेल चौपट महागलं. आठही जहाजं पाण्यात नवीकोरी आणि हिशेबात म्हातारी. व्यापारात त्यांचं काही जमलं नाही. १९८१-८२ मध्ये ती अमेरिकी नौदलाने घेतली. सैन्याची सामग्री घाईने पोहोचवायची तर तेलाचा हिशेब कुणी विचारत नाही.

मॅक्लीनने धडा घेतला. १९७८ मध्ये त्याने युनायटेड स्टेट्स लाइन्स ही कंपनी विकत घेतली आणि दक्षिण कोरियात देवूच्या गोदीत बारा जहाजं बांधून घेतली. ‘इकॉनशिप’. त्या काळातली जगातली सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं, चार हजारांहून अधिक टीईयूंची. लांब, चौकोनी, कुरूप आणि हळू; वेग १८ नॉटच्या आसपास. तेल महागच राहणार, तेव्हा घाई नको, पृथ्वीला एकाच दिशेने सावकाश प्रदक्षिणा घालत राहायचं, असा बेत. १९८४-८५ मध्ये जहाजं आली. १९८६ मध्ये तेल कोसळलं. ज्यांच्याकडे वेगवान जहाजं होती ती स्वस्त तेल जाळत पुढे निघून गेली, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या जहाजांचा ताफा पुढे घेतला तो सी-लँडनेच.

म्हणजे एकाच माणसाच्या कारकिर्दीत एकदा जहाजं फार वेगवान ठरली आणि एकदा फार मंद. दोन्ही वेळा जहाजं चोख बांधलेली होती. मला यातली क्रूर गोष्ट अशी वाटते, की इकॉनशिपची कल्पना बरोबर होती, ती फक्त वीस-बावीस वर्षं लवकर आली. कारण २००८ च्या मंदीनंतर सगळ्या जगाने नेमकं तेच केलं. जहाजाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २४ नॉटवरून १८ वर आलं, म्हणजे वेग पाव हिश्श्याने कमी केला, तर शक्ती निम्म्याहूनही कमी लागते. मालाला दोन-चार दिवस उशीर होतो, पण मंदीत माल कुणाला घाईने हवा होता?

या सावकाशीच्या खुणा नजरेला दिसतात. नाळेखाली पाण्यात जो गोल फुगवटा असतो तो एका ठरावीक वेगासाठी घडवलेला असतो. त्याने उठवलेली लाट नाळेच्या लाटेला मारते आणि पाण्याचा विरोध कमी होतो. वेग बदलला की दोन लाटांचं गणित चुकतं आणि तोच फुगवटा ओझं होतो. म्हणून २०१० नंतरच्या वर्षांत कितीतरी धडधाकट जहाजं गोदीत नेऊन त्यांचे फुगवटे कापून टाकले आणि बुटके, वेगळ्या आकाराचे जोडले. जहाज रिकामं, वर उचललेलं येत असेल तर नाळेवरचा जोड कधीकधी कळतो, रंगाची छटा जरा वेगळी असते. ‘एमा मर्स्क’चं चौदा सिलिंडरचं इंजिन ऐंशी हजार किलोवॉटचं, एकच पंखा फिरवणारं आणि पंचवीस नॉटच्या आसपास पळवणारं. तिच्यानंतर सातच वर्षांनी आलेली ट्रिपल-ई जात तिच्याहून लांबीला तीन मीटर आणि रुंदीला तीन मीटर मोठी, पण पोट इंग्रजी व्हीऐवजी यूच्या आकाराचं, आणि लहान शक्तीची दोन इंजिनं. धावायचंच नाही म्हटल्यावर निमुळतं पोट कशाला? तेवढ्या फरकात अडीच हजारांवर खोकी जास्त मावली. ऐंशी हजार किलोवॉटच्या इंजिनांचा तो जमाना आता संपल्यासारखा आहे, आणि मला त्याची थोडी हळहळ वाटते.

समुद्राचं म्हणणंही या जहाजाला ऐकावं लागतं. कंटेनर जहाज म्हणजे बुटांचं झाकण नसलेलं खोकं. झाकण काढलेलं खोकं हातात धरून पिळून बघा, किती सहज वाकतं. माल वरून पटकन आत सोडता यावा म्हणून या जहाजाच्या डेकचा बहुतेक भाग उघडाच असतो. वरची हॅच कव्हर, म्हणजे त्या उघड्या भागावरची झाकणं, नुसती ठेवलेली असतात, सांगाड्याला बळ देत नाहीत. म्हणून कडेने वरच्या बाजूला जाडच जाड पोलादाची पेटी फिरवलेली असते. १७ जून २०१३ रोजी येमेनच्या किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रात ‘एमओएल कम्फर्ट’ हे ३१६ मीटरचं, जेमतेम पाच वर्षांचं जहाज मध्यावर मोडलं. सव्वीस खलाशी वाचले. दोन्ही तुकडे काही दिवस आपापल्या खोक्यांसकट तरंगत राहिले; मागचा तुकडा २७ जूनला बुडाला, पुढच्याला आग लागली आणि ११ जुलैला तोही गेला. तळाचा पत्रा दोन दिशांच्या दाबाने चुरगळला होता. तिच्या बहीण-जहाजांना जादा पोलाद जोडलं गेलं आणि जहाजांची बांधणी तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचे नियम कडक झाले. त्यानंतरच्या जहाजांच्या तळाशी काय आहे ते किनाऱ्यावरून दिसत नाही, पण ते पोलाद तिथे का आहे हे ठाऊक असतं.

दिसणारी गोष्ट नाळेवर आहे. डेकवर पुढपर्यंत रुंद ओळी बसाव्यात म्हणून नाळ वरच्या बाजूला पसरट केली, आणि मागचा भागही सपाट, रुंद. पाण्याखाली मात्र दोन्ही टोकं निमुळती. आता जहाजाच्या लांबीएवढी लाट समोरून आली तर काय होतं? लाटेचा माथा मध्यावर आला की दोन्ही टोकांचा आधार सुटतो. मध्यावर खळगा आला की पसरट टोकं पाण्यात बसतात आणि आधार एकदम वाढतो. हे कमी-जास्त होणं जहाजाच्या डोलण्याच्या लयीशी जुळलं, तर समोरून येणाऱ्या लाटांतही जहाज आडवं झोकांडायला लागतं. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये ‘एपीएल चायना’ पस्तीस-चाळीस अंशांपर्यंत डोललं आणि शेकडो कंटेनर समुद्रात गेले. नाळ लाटेकडे करून उभं राहणं हा वादळातला जुना शहाणपणाचा उपाय; या आकाराच्या जहाजाला तोच भोवला. ३० नोव्हेंबर २०२० रोजी त्याच महासागरात ‘वन एपस’ने १,८१६ कंटेनर गमावले. डेकवर ढिगांच्या मधे उभे दिसतात ते पोलादी मचाण म्हणजे लॅशिंग ब्रिज. बांधायच्या सळया वरच्या थरांपर्यंत पोहोचाव्यात म्हणून त्यांची उंची पिढीगणिक वाढत गेली आहे. तरी सळया पोहोचतात खालच्या काही थरांपर्यंतच. वरची खोकी नुसत्या ट्विस्टलॉकवर.

धुराडं जाडजूड, चौकोनी आणि जहाजाला न शोभणारं दिसलं तर ते १ जानेवारी २०२० चं देणं. त्या दिवसापासून जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आली. स्वस्त, गंधकाचं तेलच जाळायचं असेल तर धूर धुऊन काढणारा स्क्रबर बसवायचा, आणि तो बसवायला जागा धुराड्यातच. नाळेवर पांढरी वाकडी ढाल दिसली तर ती वाऱ्यासाठी. हल्ली मोठ्या जहाजांवर ती बरीच दिसते. मला ती आवडत नाही.

छंदाच्या दृष्टीने २००४ हे वर्ष गमतीचं. त्या वर्षीच्या १ जुलैपासून बंदरांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता लागू झाली आणि जगभरच्या धक्क्यांभोवती कुंपणं उभी राहिली. जिथे बसून जहाज हाताच्या अंतरावर बघता येई तिथे आता कॅमेरे आणि पहारेकरी. पण ते वर्ष संपेपर्यंत आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या तीनशे टनांवरच्या सगळ्या जहाजांवर एआयएस बसवणंही सक्तीचं झालं. जहाज दर काही सेकंदांनी रेडिओवरून आपली ओळख, जागा, दिशा आणि वेग सांगतं, आणि साधा रिसीव्हर असलेला कुणीही ते ऐकू शकतो. दार बंद झालं आणि त्याच वर्षी जहाजं आपली नावं ओरडून सांगायला लागली. बसल्या जागी नकाशावर जग दिसतं. मी तो नकाशा रोज उघडते, पण त्याला बघणं म्हणत नाही. नकाशावर सगळी जहाजं एकाच आकाराचे त्रिकोण असतात.

तरी त्या त्रिकोणांतही कधी माणूस डोकावतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले तेव्हा काही जहाजांनी ‘पुढचं बंदर’ या रकान्यात बंदराऐवजी ‘सगळे खलाशी चिनी’ किंवा ‘जहाजावर सशस्त्र पहारा’ असं लिहायला सुरुवात केली. वीस अक्षरांच्या रकान्यात मावेल तेवढी गयावया. चोवीस हजार खोक्यांच्या जहाजावर माणसं वीस-पंचवीसच असतात. किनाऱ्यावरून ती जवळजवळ कधीच दिसत नाहीत. एल्ब नदीवर हॅम्बुर्गच्या अलीकडे वेडेल इथे १९५२ पासून एक स्वागतकेंद्र आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजासाठी तिथे झेंडा खाली-वर करतात आणि त्याच्या देशाचं राष्ट्रगीत वाजवतात. देश म्हणजे अर्थातच झेंड्याचा देश, जिथे जहाजाची नोंदणी आहे तो. जहाजावरच्या फिलिपिनो किंवा भारतीय खलाशाला लायबेरियाचं राष्ट्रगीत ऐकू येतं. कल्पना हास्यास्पद आहे आणि मला ती फार आवडते, कारण त्यात निदान कुणीतरी वर हात करून हलवतं.

२०२१ च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझमध्ये सहा दिवस अडकलं आणि आमच्या छंदाला अचानक गर्दी झाली. चारशेहून जास्त जहाजं खोळंबली. कित्येकांनी जहाजाचं नाव ‘एव्हरग्रीन’ समजलं, कारण कुशीवर तेच भल्यामोठ्या अक्षरांत होतं. ते कंपनीचं नाव. जहाजाचं नाव नाळेवर आणि मागे, छोट्या अक्षरांत. खरी ओळख त्याहूनही लहान अक्षरांत असते. आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा क्रमांक, सात आकडी. जहाज विकलं, नाव बदललं, झेंडा बदलला, तरी तो बदलत नाही. ‘एव्हर गिव्हन’चा ९८११०००. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं: ६३, ४८, ५, ४, शून्य, शून्य. बेरीज १२०. शेवटचा आकडा शून्य, आणि क्रमांकाचा सातवा आकडाही शून्य. जुळलं तर क्रमांक बरोबर वाचला. दुर्बीण हलत असताना, अंधूक उजेडात, ही पडताळणी मी तोंडी करते, आणि शेजारचे लोक जरा सरकून बसतात.

या क्रमांकामुळे भंगाराच्या किनाऱ्यावरची जहाजंही ओळखता येतात. तिथे पोहोचेपर्यंत नाव बहुधा बदललेलं असतं, बऱ्याचदा आधीच्याच नावातली काही अक्षरं रंगाने पुसून. खलाशांना पूर्ण नवं नाव रंगवायचीही गरज वाटत नाही. सांगाड्यावर वेल्डिंगने उमटवलेली जुन्या नावाची अक्षरं तिरप्या उन्हात रंगाखालून दिसतात.

सध्या माझं लक्ष २०२४ मध्ये आलेल्या ‘आन मर्स्क’वर आणि तिच्या बहिणींवर आहे. सोळा हजार टीईयू, आणि मेथॅनॉलवर चालणारं इंजिन. तेवढीच ऊर्जा हवी तर मेथॅनॉल तेलाच्या दुपटीहून अधिक जागा घेतं, त्यामुळे टाक्या अवाढव्य. जागेची ती तूट भरून काढायला ब्रिज आणि राहण्याच्या खोल्या पार नाळेवर नेल्या आहेत आणि धुराडं मागे, तेही मध्यावर नाही, एका कडेला. ब्रिजवरून मागचं काही दिसत नाही म्हणून कॅमेरे लावलेत. नाळेवर झोपणाऱ्यांना लाटांचे हेलकावे सगळ्यात जास्त बसणार, हे त्यांना कुणी विचारलं होतं का कोण जाणे. मॅक्लीनसारखा सगळा पैसा एका भावावर मात्र या वेळी लावलेला नाही. इंजिन मेथॅनॉलवर चालतं तसंच जुन्या तेलावरही चालतं. टाकी दोन्ही वेळा जागा तेवढीच खाते.